पुरुषांच्या छातीची शस्त्रक्रिया : टाके निघाले म्हणजे झाले, असे नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊचा सुमार होता. कंपाउंडर शटर ओढण्याच्या बेतात होता, तेवढ्यात मोटारसायकलवरून दोन तरुण आले. मागे बसलेल्याने खांद्यावरून टॉवेल घेऊन तो छातीशी घट्ट धरला होता. या मुलाला मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्या गोवरापासून टायफॉइडपर्यंतची सगळी औषधे माझ्याच दवाखान्यातली. "काय रे, काय झालं?" म्हणून विचारले, तर तो आधी दाराकडे पाहू लागला. "डॉक्टर, दार लावून घ्या ना," एवढेच म्हणाला.

दार लावल्यावर टॉवेल बाजूला झाला. छातीची डावी बाजू संत्र्याएवढी फुगलेली होती. कातडी ताणून चकाकत होती आणि निळसर जांभळी पडली होती. आदल्या दिवशी त्याने शहरात जाऊन दोन्ही बाजूंच्या वाढलेल्या छातीचे ऑपरेशन करून घेतले होते. घरी सांगितले होते, मुलाखतीला जातो. सकाळी रुग्णालयातून सुटी मिळाली, चार तास एस.टी.त बसून तो घरी आला. उकडते म्हणून रुग्णालयाने दिलेले घट्ट बनियन त्याने दुपारीच काढून ठेवले. संध्याकाळी आई म्हणाली, "बाळा, गॅस संपलाय, भरलेला सिलिंडर आत आणून ठेव." नाही म्हणायला कारण होते, पण ते सांगता येत नव्हते. त्याने सिलिंडर उचलला. दोन तासांत छाती फुगली.

आतली एखादी रक्तवाहिनी सुटून रक्त साचले होते. डॉक्टरी भाषेत याला हिमॅटोमा म्हणतात. मी छातीवर दाबपट्टी बांधली, त्याच्या सर्जनना फोन लावला आणि त्याची समजूत घालून त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. गाडी करून त्याला रातोरात परत पाठवले. सर्जननी जखम उघडून साचलेले रक्त काढले, वाहणारी रक्तवाहिनी बंद केली आणि प्रसंग निभावला. गाडीत बसताना वडील त्याला एवढेच म्हणाले, "सांगितलं असतंस तर सिलिंडर मी उचलला असता."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. म्हणून आजच्या सदरात हा विषय घेतला आहे. विषय नाजूक आहे, पण लाजण्यासारखा नाही. आपल्या भागातील मुले अशी ऑपरेशने करून घेऊ लागली आहेत. ऑपरेशन शहरात होते आणि पुढची काळजी मात्र गावात, घरात घ्यायची असते. ती नेमकी कशी घ्यावी, हे घरातल्यांनाही माहीत असले पाहिजे.

ही वाढ कशाने होते?

स्तनाची ग्रंथी फक्त स्त्रियांनाच असते असे नाही. पुरुषाच्या छातीतही ती असते, पण अगदी लहान व सुप्त अवस्थेत. शरीरातील इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या दोन हार्मोनांचा तोल बिघडला की ती वाढू लागते. या वाढीला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. हे नाव ग्रीक असून 'स्त्रीसारखा स्तन' असा त्याचा अर्थ आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याच्या लिखाणात ते सापडते, म्हणजे तक्रार काही आजकालची नाही. काही जणांत ग्रंथी वाढलेली नसते, नुसती चरबी साठलेली असते. दोन्ही एकत्र असलेलेही पुष्कळ असतात.

नवजात मुलाची छाती आईच्या हार्मोनांमुळे काही आठवडे फुगलेली दिसते. ती आपोआप बसते. बाळाला न्हाऊ घालताना ती पिळण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. त्याने पू होतो. कृपा करून तसे करू नये.

वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना थोडीफार अशी वाढ होते. स्तनाग्राखाली दुखरी चकती लागते. बहुतेकांची एक-दोन वर्षांत जिरते. मोठ्या वयात झाली तर कारण शोधावे लागते. पाणी उतरण्यासाठी किंवा हृदयविकारात दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन, पूर्वी आम्लपित्तावर सर्रास दिली जाणारी सिमेटिडीन, प्रोस्टेटसाठीची किंवा केस गळतीसाठीची फिनास्टेराइड, काही मानसिक आजारांवरील औषधे यांनी ही वाढ होऊ शकते. दारूने खराब झालेले यकृत, थायरॉइडचा अतिरेक, मूत्रपिंडाचा जुना आजार, वृषणाची गाठ ही कारणेही असतात. आणि एक नवे कारण म्हणजे व्यायामशाळेत 'ताकदीचे' म्हणून मिळणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन. दंड फुगवायला घेतलेले औषध छाती भलतीकडे फुगवते.

म्हणून सांगणे असे, की तपासणी केल्याशिवाय कोणीही ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नये. आणि डॉक्टर म्हणवणाऱ्यानेही तपासल्याशिवाय सल्ला देऊ नये. हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. बऱ्याच वर्षांपूर्वी दहावीतला एक मुलगा असाच दार लावून बोलायला आला होता. बाहेर गर्दी होती. मी त्याच्या छातीला हातही न लावता हसून म्हणालो, "अरे, वयात येताना होतं, जाईल. जोर काढ." तो गेला आणि पुन्हा आला नाही. आला तो थेट सात वर्षांनी, लग्न ठरल्यावर. ग्रंथी तशीच होती. मधल्या काळात त्याने कबड्डी सोडली होती, विहिरीवर पोहायला जाणे सोडले होते, उन्हाळ्यातही तो आत जाड बनियन आणि वर दोन सदरे घालत होता. तपासायला मला दोन मिनिटे लागली असती. व्यायामाने चरबी कमी होते, ग्रंथी विरघळत नाही, हे त्याला त्याच वेळी कोणीतरी सांगायला हवे होते.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

वाढ जुनी झाली, वर्ष-दोन वर्षे तशीच राहिली, वय साधारण अठराच्या पुढे गेले, इतर कारणे नाहीत हे पक्के झाले आणि त्रास होत असेल, तर शस्त्रक्रिया हा मार्ग आहे. सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या वैद्याने अशा शस्त्रक्रियेचे वर्णन करून ठेवले आहे. अमेरिकेतील डॉ. जेरोम वेबस्टर यांनी १९४६ साली स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. व्रण त्या काळसर कडेत लपतो म्हणून ती अजूनही वापरात आहे. त्याच छेदातून ग्रंथी काढतात आणि भोवतालची चरबी बारीक नळीने ओढून घेतात. या दुसऱ्या भागाला लायपोसक्शन म्हणतात. वाढ फार मोठी असेल तर जादा कातडीही काढावी लागते आणि व्रण मोठा राहतो. रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

इतक्या लवकर घरी सोडले म्हणजे ऑपरेशन किरकोळ, असा लोकांचा समज होतो. घोटाळा तिथेच होतो. बाहेरून व्रण दोन बोटांचा दिसतो, पण आत कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये तळहाताएवढी जागा मोकळी झालेली असते. ती जागा भरून यायची नसते, चिकटायची असते. आपण खळ लावून कागद चिकटवतो तेव्हा वाळेपर्यंत त्यावर वजन ठेवतो. तसेच इथे आहे. कातडी स्नायूला नीट चिकटली तर छाती सपाट होते. मध्ये रक्त किंवा पाणी साचले तर फुगवटा, गाठ किंवा खड्डा राहतो. पुढची सगळी पथ्ये या एका गोष्टीसाठी आहेत, हे समजले की ती पाळणे सोपे जाते.

पहिले दोन दिवस

रक्त साचण्याचा धोका या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. शक्यतो शहरातच एखाद्या नातेवाइकाकडे दोन रात्री राहावे. गावी यायचेच असेल तर उभ्याने, धक्के खात येऊ नये आणि बरोबर एक जाणता माणूस असावा. बॅग त्याच्या हातात द्यावी.

पाठीवर निजावे. पाठीखाली व डोक्याखाली दोन-तीन उशा देऊन वरचे अंग थोडे उंच ठेवावे, म्हणजे सूज कमी येते. कुशीवर किंवा पालथे झोपू नये. मात्र दिवसभर अंथरुणात पडून राहणेही चूक आहे. त्याच दिवशी संध्याकाळपासून घरातल्या घरात फिरावे. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे आवश्यक असते.

दुखणे बहुधा सोसण्याजोगे असते. सर्जननी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. मेडिकलच्या दुकानातून अंगदुखीच्या म्हणून ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. ज्यांना हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी ती आपल्या मनाने बंदही करू नये. ऑपरेशनच्या आधीच सर्जनना आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काहींच्या बगलेजवळ बारीक नळी ठेवलेली असते. तिला ड्रेन म्हणतात. आत साचणारे रक्त व पाणी तिच्यातून डबीत येते. डबी दर वेळी रिकामी करताना हात साबणाने धुवावेत आणि किती मिलिलिटर आले ते तारीख-वेळ घालून वहीत लिहावे. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो आणि माप उतरत जाते. चोवीस तासांचे माप साधारण २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आले की सर्जन नळी काढतात. अचानक डबी लाल रक्ताने भरू लागली तर सकाळची वाट पाहू नये.

घट्ट बनियन : खरे औषध

ऑपरेशननंतर छातीवर दाब देणारे खास बनियन घालायला देतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त हेळसांड होते ती याचीच. पहिले दोन-तीन आठवडे ते रात्रंदिवस घालायचे असते, फक्त अंघोळीपुरते काढायचे. पुढे चार ते सहा आठवड्यांपर्यंत सर्जन सांगतील तितके तास. दोन बनियने घ्यावीत, म्हणजे एक धुवून वाळेपर्यंत दुसरे अंगावर राहते. त्याला इस्त्री करू नये, पिळू नये, सावलीत वाळवावे. लवचीकपणा गेलेले बनियन घालून उपयोग नाही.

ते घट्ट असावे, पण श्वास कोंडता कामा नये. वळ्या पडू देऊ नयेत. वळी पडली तर तिथे कातडीवर खोलगट रेघ उमटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम येतो, घामोळे उठते, खाज सुटते. अशा वेळी आत पातळ सुती बनियन घालण्याविषयी सर्जनना विचारावे, अंग कोरडे ठेवावे, पण खाज सुटते म्हणून बनियन खुंटीला टांगू नये. ज्यांना सोय आहे त्यांनी ऑपरेशन थंडीत करून घ्यावे, हा माझा साधा सल्ला आहे. वर सदरा घातला की आतले काही दिसत नाही, त्यामुळे कामावरही घालता येते.

अंघोळ, ड्रेसिंग आणि टाके

अंघोळ कधी करायची ते सर्जननाच विचारावे. बहुधा दोन-तीन दिवसांनी, नळी नसल्यास, परवानगी मिळते. तोपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसावे. जखमेवर पाणी वाहिले तर चालते, पण ती घासू नये. टिपून कोरडी करावी. विहीर, नदी, पोहण्याचा तलाव हे सगळे किमान महिनाभर वर्ज्य. गढूळ पाण्यातले जंतू ताज्या जखमेत गेले तर केलेले सगळे फुकट जाते.

टाके आतले, विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. बाहेरचे असतील तर साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. त्यासाठी दर वेळी शहरात जाणे जमत नसेल तर गावातल्या डॉक्टरांकडे जावे, पण सुटीच्या वेळी मिळालेला कागद बरोबर न्यावा. काय ऑपरेशन झाले, कोणते टाके घातले, कोणती औषधे चालू आहेत, हे त्यावरून कळते. नुसते "छातीचं ऑपरेशन झालंय" म्हणून आलेल्या रुग्णापुढे आम्हीही चाचपडतो.

जखमेवर हळद, राख, तेल, कुंकू, झाडपाला काहीही लावू नये. मालिश तर नकोच. व्रणावर बोटाने हलके मालिश करायचे असते, पण ते जखम पूर्ण भरल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, आणि सर्जननी दाखवून दिल्याप्रमाणे.

हालचाल आणि काम

पहिले दोन आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये. डोक्यावरून सदरा काढण्याऐवजी पुढे बटणे असलेला घालावा. माळ्यावरचे डबे काढणे, पंपाने टायरमध्ये हवा भरणे, पाण्याची कळशी उचलणे, लहान मुलाला कडेवर घेणे, हे सगळे बंद. मात्र खांदे अगदी आखडूनही ठेवू नयेत. कोपरापासून हात हलवावेत, खांदे हलके फिरवावेत.

टेबलावरचे काम असणारा माणूस चार ते सात दिवसांत कामावर जाऊ शकतो. मोटारसायकलला किमान दोन आठवडे हात लावू नये. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि किक मारताना बसणारा छातीचा ताण, दोन्ही वाईट. हमाली, शेतीतली फवारणी, पोती उचलणे, बांधकाम अशी अंगमेहनतीची कामे असणाऱ्यांनी चार ते सहा आठवड्यांची सोय आधीच करून ठेवावी. ऐन सुगीत ऑपरेशन करून घेऊ नये.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी हे वेगळे सांगतो. भरतीत छाती मोजताना अंगातला सदरा काढावा लागतो, न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५ सेंटिमीटर भरावी लागते. चारचौघांत उघडे व्हावे लागणार म्हणून कितीतरी मुले अर्जच भरत नाहीत. ऑपरेशनने ती अडचण दूर होते, ही समाधानाची बाब आहे. पण भरतीच्या तोंडावर ऑपरेशन करू नये. चालणे पहिल्या दिवसापासून चालते. पळणे तीन-चार आठवड्यांनी, सर्जननी होकार दिल्यावर, हळूहळू सुरू करावे. गोळाफेक, जोर, पुलअप्स, बेंचप्रेस ही छातीवर थेट ताण देणारी कामे सहा आठवड्यांच्या आत नाहीतच. एका मुलाने पंधराव्या दिवशी मैदानावर गोळा उचलला. त्याच्या आत पाणी साचले आणि मग तीन वेळा सुईने ते काढावे लागले. सरावाचे पंधरा दिवस वाचवायला गेला आणि दीड महिना घालवून बसला. ऑपरेशन आणि भरती यांत निदान चार-पाच महिन्यांचे अंतर ठेवावे.

खाणे, पथ्य आणि तंबाखू

"डॉक्टर, भात चालेल का? वांगं? आंबट?" हे प्रश्न ठरलेले. भाताने जखमेत पाणी धरते, वांग्याने जखम चिघळते, ही समजूत घरोघरी आहे. तिला आधार नाही. उलट, पथ्याच्या नावाखाली पेज आणि पातळ वरणाचे पाणी देऊन रुग्णाला उपाशी ठेवले जाते आणि जखम भरायला उशीर लागतो. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, चालत असल्यास मासे व मटण द्यावे. लिंबू, आवळा, पेरू, पालेभाजी द्यावी. पाणी भरपूर प्यावे. वेदनाशामक गोळ्यांनी काही वेळा बद्धकोष्ठ होते, आणि शौचाला कुंथले की छातीवर ताण येतो.

खरे पथ्य आहे ते तंबाखूचे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. स्तनाग्राला रक्त अशा बारीक वाहिन्यांतूनच मिळते. ते कमी पडले तर कातडीचा किंवा स्तनाग्राचा भाग काळा पडून सडू शकतो. विडी-सिगारेट, मळलेली तंबाखू, गुटखा, मिश्री सगळे ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद असावे. "मी ओढत नाही, फक्त मळतो," हे उत्तर इथे चालत नाही. दारूही टाळावी.

केव्हा धावत यावे?

पुढीलपैकी काही आढळल्यास लाज, रात्र, रविवार काही पाहू नये. लगेच सर्जनना फोन करावा आणि जवळच्या डॉक्टरांकडे जावे.

१. एक बाजू अचानक फुगणे, ताणल्यासारखी होणे, तिथे ठसठसणे.
२. ड्रेसिंग रक्ताने भिजणे.
३. ताप, थंडी, जखमेभोवती वाढती लाली व ऊब, पू किंवा दुर्गंधी.
४. स्तनाग्र पांढरेफटक किंवा काळपट पडणे.
५. श्वास लागणे, छातीत कळ येणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे.

यातील पाचवे लक्षण दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

याउलट काही गोष्टी घाबरण्याजोग्या नाहीत. दोन्ही बाजूंना सारखी सूज, काळे-निळे डाग पोटापर्यंत उतरणे, स्तनाग्राभोवती बधिरपणा, मुंग्या, हाताला लागणारा टणकपणा हे अपेक्षित असते. डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. सूज बरीचशी सहा आठवड्यांत उतरते, पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने आणि काहींना वर्षही लागते. बधिरपणा काही महिने राहतो, क्वचित थोडा कायम राहतो. व्रण आधी लाल, उचललेला दिसतो आणि वर्षभरात फिका होतो. या काळात त्यावर ऊन पडू देऊ नये. ज्यांच्या अंगावर जुनी जखम जाड, गाठाळ होऊन वाढते, त्यांनी ऑपरेशनच्या आधीच सर्जनना हे सांगावे.

आरसा आणि रिपोर्ट

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बनियन काढून आरशात पाहिले की मुले हबकतात. "पैसे वाया गेले," म्हणून माझ्याकडे येऊन रडलेला तरुण मी पाहिला आहे. सूज आहे तोवर निकाल ठरवू नये. दोन बाजूंत थोडा फरक राहिला, कडेला खळगा वाटला, तर सहा महिने थांबून मगच सर्जनशी बोलावे. पुष्कळदा तोवर प्रश्न आपोआप मिटतो. मिटला नाही तर छोट्या दुरुस्तीने सुधारता येतो.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवलेली असते. तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो आवर्जून आणावा, डॉक्टरांना दाखवावा, जपून ठेवावा. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का पुरुषांना होतात. प्रमाण कमी आहे आणि तरुणांत तर फारच विरळा. पण एका बाजूला, मध्यापासून सरकलेली, न दुखणारी टणक गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे किंवा काखेत गाठ, ही लक्षणे पन्नाशी-साठीच्या माणसाने "पुरुषाला कुठे होतो" म्हणून घरात बसवून ठेवू नयेत. अशा गाठीला सौंदर्याचे ऑपरेशन हा उपाय नाही, आधी तिची तपासणी हवी.

ग्रंथी नीट काढली तर ही वाढ सहसा पुन्हा होत नाही. पण वजन पंधरा-वीस किलो वाढवले किंवा व्यायामशाळेतली इंजेक्शने चालू ठेवली, तर ती परत येऊ शकते. ऑपरेशनने मूळ कारण जात नाही, ते आपल्यालाच सोडावे लागते.

घरच्यांसाठी दोन शब्द

मुलगा उन्हाळ्यातही दोन सदरे घालतो, पाठीत वाकून चालतो, सहलीला आणि पोहायला जात नाही, मित्र ठेवतील त्या नावाला भितो, तर त्याला हसू नका. त्याच्या मामाने, काकाने, भावाने तर मुळीच हसू नये. त्याला एकट्याला डॉक्टरांकडे पाठवा किंवा आपण बरोबर जाऊन बाहेर बसा. बहुतेकांना ऑपरेशन लागणार नाही, नुसते "हे जाईल, आणि नाही गेले तर उपाय आहे" एवढे कळले तरी त्यांची मान वर होते. आणि ज्यांना लागेल त्यांनी ते चोरून करू नये. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. घरातल्या एका माणसाला सांगावे, जो सहा आठवडे सिलिंडर उचलेल, ड्रेनच्या डबीचे माप वहीत लिहील आणि रात्री गाडी काढेल.

सुरुवातीला सांगितलेला तो तरुण बरा झाला. डाव्या बाजूला बारीकशी खूण राहिली आहे, ती त्यालाच दिसते. या उन्हाळ्यात तो विहिरीवर पोहायला गेला. त्याच्या वडिलांनी रक्तदाब तपासायला आले असताना हे सहज सांगावे तसे सांगितले, आणि बाही वर केली.